दर्याला सातबारा नाही

आमच्या धावड्यात समुद्र फारसा कुणी पाहिलेला नव्हता. भोकरदन तालुक्यातलं, अजिंठ्याच्या डोंगराला टेकलेलं हे गाव. पलीकडं बुलढाणा जिल्ह्याची हद्द. आमच्याकडं पाणी म्हणजे विहिरीचं. हज करून आलेले एक-दोन बुजुर्ग होते, त्यांनी मुंबईत समुद्र पाहिला होता. त्यांतले एक चावडीसमोर बसून सांगायचे, ‘बहुत पानी है, मगर किस काम का? पूरा खारा!’ ऐकणारे माना डोलवायचे. जे पाणी मिरचीला देता येत नाही, ते पाणी कसलं?

मिरचीवर आमचं घर चालायचं. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात माल गेला की त्या पैशांत वर्ष निघायचं. पण मिरचीला पाणी वेळेवर हवं, आणि मोटारीची लाइट यायची रात्री. कधी अकराला, कधी दोनला. अब्बा उशाला बॅटरी घेऊन झोपायचे. अंगणातला दिवा अचानक पेटला की उठून चालायला लागायचे. अम्मी दारात उभी राहून त्यांच्या बॅटरीचा उजेड दिसेनासा होईपर्यंत बघत राहायची. साप, विंचू, ओल्या हातानं धरलेला स्टार्टर. कशाकशाची भीती बाळगायची? बरेचदा ते विहिरीवर पोचेपर्यंत लाइट गेलेली असायची. मग तिथंच धोतर अंगाभोवती गुंडाळून फजरच्या अजानपर्यंत बसून राहायचे. लाइट म्हटलं की मला आजही दिवा आठवत नाही, अब्बांची ती विहिरीवरची बैठक आठवते.

हे आधी सांगितलं, कारण पुढं मी एका माणसाला जे बोललो ते या रात्रींमधून आलेलं होतं. माफी म्हणून सांगत नाही. कुठून आलं ते सांगतो आहे.

1996 साली मला रत्नागिरी जिल्हा परिषदेत शिक्षकाची नोकरी लागली. त्या काळात मराठवाड्यातले डी.एड. झालेले कितीतरी तरुण कोकणात गेले. आमच्याकडं जागा नव्हत्या, तिकडं माणसं नव्हती. अब्बा म्हणाले, ‘नौकरी है बेटा, जा. दर्या क्या तुझे खा लेगा?’ चिपळूणला उतरलो तेव्हा पहिल्यांदा मिरजोळी कुठल्या दिशेला आहे ते विचारलं. हमीद दलवाईंचं गाव. त्यांच्याशी भांडत भांडतच आमच्या पिढीतले काही जण लिहायला लागले होते. पण नेमणूक मिळाली ती दापोली तालुक्यात, दाभोळच्या अलीकडच्या एका वस्तीवर. मराठी शाळा. दालद्यांची आणि खारव्यांची पोरं एका बाकावर. दालदी म्हणजे आपल्यातले मच्छीमार. नाव मुसलमानाचं, धंदा कोळ्याचा, बोली कोकणी.

दाभोळ बघून मी थक्क झालो. वाशिष्ठी नदी तिथं समुद्राला मिळते. बहमनी काळापासूनचं हे मोठं बंदर. हजला जाणारी जहाजं इथून सुटायची. खाडीकाठाला विजापूरकरांच्या काळातली दगडी मशीद आहे, लोक तिला अंडा मशीद म्हणतात. आदिलशाही घराण्यातली एक स्त्री हजला निघाली, जाणं झालं नाही, तेव्हा बरोबरचा पैसा तिनं या मशिदीत घातला, अशी कथा सांगतात. मशिदीच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की समोर खाडी, आणि खाडीच्या पैलतीराला गुहागर तालुका. अंजनवेलचा गोपाळगड, खाली वेलदूर, वर रानवीचं पठार. त्या पठारावर यंत्रं धडधडत होती. ती कंपनी म्हणजे एन्रॉन. प्रकल्पाला नाव दाभोळचं दिलं, पण त्याची एक वीटही दाभोळात नव्हती. सगळं पैलतीरावर. दाभोळच्या माणसाला नाव मिळालं आणि धूर मिळाला, असं तिथले लोक हसत म्हणायचे.

प्रकल्पाची कहाणी वाचकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. 1992 च्या जूनमध्ये राज्य सरकारनं अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीशी समझोता केला. 1993 च्या एप्रिलमध्ये जागतिक बँकेनं सांगितलं की ही वीज महाग पडेल, आम्ही पैसे देणार नाही. तरी त्याच वर्षी डिसेंबरात वीज मंडळानं खरेदीचा करार केला. वीज घ्या किंवा घेऊ नका, ठरलेला आकार द्यावाच लागेल, अशी त्यातली अट. 1995 मध्ये युतीचं सरकार आलं, एन्रॉन समुद्रात बुडवण्याची भाषा झाली, ऑगस्टमध्ये करार रद्द झाला आणि पुढच्या जानेवारीत थोडी डागडुजी करून पुन्हा झाला. 1996 च्या मे महिन्यात वाजपेयींचं तेरा दिवसांचं सरकार जाता जाता केंद्राच्या हमीवर शिक्कामोर्तब करून गेलं. बुडवायला निघालेल्यांनीच बांधून काढलं, याचं खाडीकाठच्या लोकांना मोठं नवल वाटायचं. मला वाटत नव्हतं. मला हिशेब सोपा वाटत होता. दोन हजार मेगावॉटच्या वर वीज तयार होणार. त्यातली थोडी तरी धावड्याच्या विहिरीपर्यंत येणार.

इंधन होतं नैसर्गिक वायू. पहिला टप्पा नाफ्त्यावर चालायचा होता. पुढं ओमान आणि अबू धाबीहून वायू आणायचा होता. वायू उणे 162 अंशांपर्यंत थंड केला की त्याचं पाणी होतं, आणि 600 घागरींतला वायू एका घागरीत मावतो. तो भरून जहाजं खाडीच्या तोंडाशी येणार, धक्क्याला लागणार, द्रव पुन्हा वायू होणार आणि त्यावर वीज तयार होणार. मी हे वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं. जहाजाला मी निळा खडू वापरला होता. मागच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं, ‘गुरुजी, जहाज हितं उभं राह्यलं तर आमचे बाबा जाळं कुठं टाकणार?’ मी म्हणालो, ‘थोडं बाजूला टाकतील.’ मी तिथं येऊन सहा महिनेच झाले होते. समुद्रात ‘थोडं बाजूला’ अशी काही जागा नसते, हे मला कुठं ठाऊक असणार?

हा पोरगा नाखव्यांचा नातू. नाखवा माझे घरमालक. त्यांच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत मी राहायचो. गाव त्यांना नाखवा म्हणायचं, मी माझ्या सवयीनं चाचा म्हणायचो. दोन होड्या, चार खलाशी. माणूस कमी बोलायचा. रात्री भरतीच्या वेळेला उठून जायचे आणि पहाटे परत आले की माझ्या दाराशी केळीच्या पानावर दोन-चार बोयी नाहीतर मूठभर कोळंबी ठेवलेली असायची. पहिल्यांदा मला ती कोळंबी साफही करता येईना. चाचीनं हसत हसत शिकवलं. म्हणाली, ‘कसलं मुसलमान तुमी, म्हावरा खात नाय?’ मी सांगितलं, आमच्याकडं मुसलमान म्हणजे मटण, आणि तेही जुम्म्याला. तिला ते खरं वाटलं नाही.

खाडीचे लोक प्रकल्पाला विरोध का करत होते, हे समजायला मला वेळ लागला, कारण त्यांचं उत्तर दिसत होतं खाडीच्या वरच्या अंगाला. लोटे परशुरामची रासायनिक कारखान्यांची वसाहत. तिचं सांडपाणी याच खाडीत येतं. मेलेल्या माशांचा खच काठाला लागलेला त्या लोकांनी पाहिलेला होता. चाचा सांगायचे, आधी कालवं गेली, मग अमुक जातीचा मासा दिसेना, मग जाळ्याला खाज यायला लागली. म्हणजे जाळं ओढणाऱ्याच्या हाताला. लोट्यालाही सगळे म्हणाले होते, पाणी शुद्ध करून सोडू. तेव्हा पैलतीराच्या प्रकल्पातून गरम पाणी समुद्रात येणार, धक्का होणार, जहाजांच्या वाटेत होडी आणायची नाही असा हुकूम निघणार, हे कळल्यावर त्यांना अभ्यास समितीची गरज नव्हती. पैलतीरावरच्या गावांना आणखी धास्ती पाण्याची, आंबा-काजूच्या बागांची होती. रानवी, अंजनवेल, वेलदूरच्या जमिनी आधीच संपादनात गेल्या होत्या.

पण सगळं गाव एकदिलानं विरोधात होतं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. आपल्याच समाजात ज्यांच्या बागा होत्या, घरातलं कुणी मस्कतला नाहीतर दुबईला होतं, त्यांतल्या काहींना ठेका हवा होता, काहींना पोरांना नोकरी. दालद्यांनी फार बोलू नये असंही त्यांना वाटायचं. आपल्यात जात नाही असं आपण साहित्य संमेलनांतून सांगतो खरं. आमच्या जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, तेव्हा तिच्या सभांत मी हे प्रश्न ऐकले होते. पण ते मला विणकर-पिंजाऱ्यांचे प्रश्न वाटायचे. मशिदीत दालदी पहिल्या सफेत उभा राहायला कचरतो, हे मी खाडीकाठी पाहिलं.

1997 च्या जानेवारीत गुहागरकडं मोठं आंदोलन झालं. अलीकडच्या काठावरूनही माणसं गेली. चाचा गेले होते, दोन दिवसांनी आले. पाय सुजलेले. त्या संध्याकाळी मला घरून पत्र आलं होतं. धाकट्या भावानं लिहिलं होतं की अब्बा रात्री विहिरीवरून येताना बांधावरून पडले, मांडीचं हाड मोडलं. मिरची वाळून चालली आहे, पैसे पाठव. पत्र हातात होतं आणि चाचा पडवीत बसून कुणाला तरी आंदोलनाची हकिगत सांगत होते. मी बाहेर आलो आणि म्हणालो, ‘चाचा, तुमच्या चार माशांसाठी आमच्या मराठवाड्यानं अंधारात मरायचं का?’

पडवीत शांतता झाली. चाची पदर सावरून आत गेली. चाचांनी विडी विझवली. ‘घरी काय झाला?’ एवढंच विचारलं. मी सांगितलं. ते उठले, आत गेले, आणि पाचशे रुपये आणून माझ्यासमोर ठेवले. मी घेतले. घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी पहाटे दाराशी केळीचं पान होतंच.

तो वाद तेवढ्यावर संपला असता तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं. दोन-तीन आठवड्यांनी, एका जुम्म्याच्या दुपारी, चाचांनीच विषय काढला. जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, ‘मास्तर, पलीकडं ज्यांची जमीन गेली त्यांना पैसं मिळालं. थोडं मिळालं, उशिरा मिळालं, पण मिळालं. का? त्यांच्याकडं सातबारा हाय. माझ्या बापानं, आज्यानं या खाडीत जाळं टाकलं. उद्या साहेब मला म्हणंल, कागूद दाखव, तर काय दाखवू? दर्याला सातबारा नाय.’

मी काही बोललो नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही, कारण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. दर्याच्या बाबतीत नव्हे. आमच्या घरात.

माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, दुसऱ्याची साडेचार एकर जमीन बटईनं करायचे. वीस वर्षं केली. निजामाचं राज्य गेल्यावर हैदराबादचा 1950 चा कूळकायदा आला, पण दादांचं नाव कूळ म्हणून कधी लागलं नाही. मालकाशी घरोबा होता, नाव लावा म्हणणं त्यांना बेअदबी वाटली. 1972 चा दुष्काळ पडला. दुष्काळी कामांवर सगळा मराठवाडा खडी फोडत होता. आमच्या शिवारात पाझर तलाव निघाला आणि ती साडेचार एकर नेमकी तलावाच्या पोटात गेली. दादांनी त्याच तलावावर रोजंदारीनं माती वाहिली. स्वतः नांगरलेल्या रानातली माती डोक्यावरून नेऊन भिंतीवर टाकली. मोबदला काही वर्षांनी आला आणि ज्याच्या नावावर सातबारा त्याच्या घरी गेला. त्यात मालकाचा दोष नव्हता, कायद्यानं त्याचेच होते. अब्बा सांगायचे, दादा मरेपर्यंत त्या तलावाचं पाणी प्यायले नाहीत. म्हणायचे, ‘पानी सब का, जमीन उनकी, और मेहनत? मेहनत का कागद किधर मिलता?’

लहानपणी ही आमच्या घरातली एक गोष्ट होती, बाकीच्या गोष्टींसारखी. त्या तलावामुळंच खालच्या विहिरींना पाणी आलं, आमच्या विहिरीलासुद्धा. मिरची त्याच्यावरच पिकायची. म्हणजे दादांची जमीन बुडाली आणि अब्बांची मिरची पिकली. एकाच घरात दोन्ही. कुणाला तरी तोटा झाल्याशिवाय कुणाला पाणी मिळत नाही, असा मी त्याचा अर्थ काढला होता. आणि नाखव्यांना तोच ऐकवला होता. फरक एवढाच की तोटा सोसणारा दुसरा होता आणि त्याचे पाचशे रुपये मी घेतले होते.

मे महिन्याच्या सुट्टीत धावड्याला आलो. अब्बांचा पाय प्लास्टरमध्ये नव्हता, पण ते काठीवर चालत होते. मी तिथं असताना, 3 जूनला पहाटे, वेलदूरमध्ये पोलीस शिरले. बहुतेक पुरुष समुद्रावर गेलेले, घरात बायका आणि मुलं. दारं फोडून बायकांना ओढून बाहेर काढलं, मारलं, गाडीत घालून नेलं. हे मी कुणाकडून ऐकलेलं सांगत नाही. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनं त्याच वर्षी जुलैत अहवाल काढला, त्यात आहे. 1999 च्या जानेवारीत ह्युमन राइट्स वॉचनं मोठा अहवाल काढला, त्यात एका गरोदर स्त्रीला झालेली मारहाणही आहे, आणि बंदोबस्ताचा खर्च कंपनीनं दिल्याची नोंदही आहे. एखाद्या कंपनीला मानवी हक्कांच्या प्रश्नावर असं नाव घेऊन जाब विचारलेला मी तोवर कुठं वाचला नव्हता.

सुट्टी संपवून परतलो तेव्हा पैलतीरावरून मासळी विकायला येणारी एक मावशी बाजारात दिसली नाही. आठ दिवस आली नाही. मग आली. टोपली खाली ठेवली, भाव सांगितला. कुणी काही विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही. चाचीनं त्या दिवशी भाव न करता सगळी टोपली घेतली. आमच्याच घरात चाचांनी धरलेली मासळी असताना.

मी चाचांची माफी मागितली का? नाही. शब्द सापडला नाही. एक केलं. त्यांच्यासाठी अर्ज लिहायला लागलो. मत्स्यव्यवसाय खात्याला, तहसीलदारांना, कलेक्टरांना. प्रत्येक अर्जात एक ओळ असायची: सदर इसमाचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या सदर खाडीत मासेमारी करीत आहे. पुरावा म्हणून मी होडीच्या नोंदणीचा कागद, सोसायटीची पावती, जुन्या जाळ्यांची बिलं जोडत असे. एकदा चाचा म्हणाले, ‘माझ्या हाताचा फोटू जोडा.’ दोरीनं कापलेले, मिठानं उललेले हात. आम्ही दोघं हसलो. फोटो जोडला नाही. आता वाटतं, जोडायला हवा होता.

1999 च्या मे महिन्यात पहिला टप्पा सुरू झाला. खाडीवरून रात्री पैलतीराचा लखलखाट दिसायचा, चंद्र फिका पडावा इतका. धावड्याला तोच अंधार. विजेचा दर चढत चढत युनिटला सात रुपयांच्या वर गेला, वीज मंडळाचं कंबरडं मोडलं. 2001 मध्ये माधव गोडबोले समितीनं सगळ्या व्यवहारावर कडक ताशेरे मारले, मे महिन्यात प्रकल्प बंद पडला, आणि त्याच वर्षी 2 डिसेंबरला अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत निघाली. जागतिक बँकेनं 1993 मध्ये सांगितलेलं खरं ठरलं. खाडीचे लोकही तेच सांगत होते, पण ते काही अर्थतज्ज्ञ नव्हते.

2006 मध्ये माझी आंतरजिल्हा बदली झाली आणि मी जालना जिल्ह्यात परत आलो. तेव्हा आमच्याकडं भारनियमनाचा कहर होता. दिवसातले बारा-बारा तास लाइट नाही. मुलं रॉकेलच्या दिव्यावर दहावीचा अभ्यास करत होती. गावातल्या पारावर कुणीतरी म्हणालं, ‘ते कोकणातलं एन्रॉन तिथल्या लोकांनी बंद पाडलं म्हणून ही पाळी आली.’ मी दहा वर्षांपूर्वीचं माझंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होतो. मी तिथं बसून सांगत राहिलो: करार, दर, आकार, नाफ्ता. लोकांना कंटाळा आला. कुणाला तरी दोषी धरायचं तर मच्छीमार सोपा पडतो. तो लांब असतो.

तो मुसलमान असला तर आणखी सोपा पडतो. 2011 च्या एप्रिलमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातच, जैतापूरच्या अणुप्रकल्पाविरुद्ध साखरी नाट्याचे मच्छीमार उठले. पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला. साखरी नाटे मुसलमान मच्छीमारांचं गाव. आमच्या शिक्षकांच्या खोलीत पहिला प्रश्न आला, ‘यांना फूस कोणाची?’ जाळं बुडतंय म्हणून ओरडायलासुद्धा आपल्याला कुणाची फूस लागते! खारवी ओरडला तर तो अडाणी ठरतो, दालदी ओरडला तर तो संशयित.

समुद्रातल्या वायूचं हे गाऱ्हाणं एका खाडीचं नाही. 1974 मध्ये मुंबई हायला तेल लागलं, 1976 पासून ते काढायला लागले, मग वायू आला. देशाच्या चुली पेटल्या; वाईट झालं असं कोण म्हणेल? पण प्रत्येक प्लॅटफॉर्मभोवती 500 मीटरपर्यंत होडीला मनाई. प्लॅटफॉर्मच्या खांबांना शेवाळ धरतं, तिथं मासळी जमते, आणि नेमकं तिथं जायचं नाही. भूकंपलहरी सोडून समुद्राचा तळ तपासायचं काम निघालं की पालघरपासून मुंबईपर्यंतच्या मच्छीमारांना ऐन हंगामात बाजूला व्हायला सांगतात. त्यांचं म्हणणं तेच. बाजूला म्हणजे कुठं?

पार आयर्लंडमध्येही हेच झालं. मेयो परगण्यात किनाऱ्यापासून ऐंशी-एक किलोमीटरवर समुद्रात वायू सापडला. शेल कंपनीची वाहिनी घरांजवळून जाणार म्हणून रॉसपोर्टच्या पाच जणांनी जमिनीत पाऊल ठेवू दिलं नाही. कोर्टाचा हुकूम मोडला म्हणून 2005 मध्ये ते 94 दिवस तुरुंगात राहिले. त्या पाचांत एक निवृत्त शिक्षक होता. ते वाचून मी मासिक मिटून ठेवलं. मी फक्त अर्ज लिहिले होते, तेही रविवारी. रॉसपोर्टचा वायू शेवटी 2015 च्या अखेरीस वाहायला लागलाच. पण वाहिनीचा दाब कमी करावा लागला, वाट बदलावी लागली.

दाभोळचा प्रकल्प पुढं सरकारी कंपन्यांच्या हाती गेला, 2005 मध्ये नवं नाव मिळालं. वायू उतरवण्याचा धक्का 2013 मध्ये चालू झाला. मात्र लाटा अडवणारी भिंत अर्धवट असल्यामुळं पुढं अनेक वर्षं पावसाळ्यात जहाज लागू शकत नव्हतं. करार करणाऱ्यांनी सगळ्याचा हिशेब केला होता, पावसाळा तेवढा राहिला. चाचांना हे सांगितलं असतं तर ते खूप हसले असते. पण ते 2012 मध्येच गेले. मयतीला पोचू शकलो नाही. फोनवर त्यांच्या मुलाशी बोललो. हा मुलगा, माझ्या त्या विद्यार्थ्याचा बाप, प्रकल्पाच्या बांधकामावर काही काळ ठेकेदाराकडं होता, मग होडी विकून कतारला गेला. रास लफानला, वायूच्याच कारखान्यात. भारतात येणाऱ्या द्रव वायूचा मोठा वाटा कतारहून येतो. चाचा एकदा म्हणाले होते, ‘पोरगा तिकडं गॅस भरतो, हितं त्या गॅससाठी बापाला जाळं गुंडाळायला सांगतात. घरचाच मामला हाय.’ त्याच पैशांतून त्यांच्या घरावर स्लॅब पडला. पडवी तेवढी चाचीनं कौलारू ठेवली.

2019 च्या दिवाळीच्या सुट्टीत मी बायकोला घेऊन दाभोळला गेलो. आता दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट जाते, गाड्यांसकट. अंडा मशिदीच्या पायऱ्यांवर बसलो. पैलतीराच्या चिमण्या तशाच. काठाला होड्या होत्या, आमच्या वेळेपेक्षा कमी. नातू आता बोटीवर जात नाही, खेडला मोबाइलचं दुकान चालवतो. त्यानं मला निळ्या खडूच्या जहाजाची आठवण करून दिली. मी विसरलो असेन असं त्याला वाटलं होतं.

चाची खूप थकली होती. तरी उठून चहा केला, निघताना सुके बोंबील कागदात बांधून दिले. मी खिशातून पाकीट काढलं. बावीस वर्षांचे पाचशे रुपये. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं आणि पाकीट माझ्या बायकोच्या पर्समध्ये खुपसलं. मग दाराला धरून उभी राहिली, म्हणाली, ‘मास्तर, तुमच्या गावात आता लाइट असते ना?’

‘असते चाची,’ मी म्हणालो. ‘रात्रीची.’